पंचवीसातल्या तीन बिड्या: एका काकाजीची केस

काकाजी माझ्याकडे आले होते ते गुडघ्याच्या गोळीसाठी. बिडी सोडायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं आणि खरं सांगू तर माझ्याही नव्हतं, जुलै महिना, ओपीडीत तीस-पस्तीस लोक, अर्धे तापाचे, आणि वरून फॉर्म भरायचे राहिलेले. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका मोजणारा) भरावा लागतो, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो, रोज घेत असेल तर दोन मार्क. मी मान खाली घालूनच विचारलं, काकाजी, काही व्यसन? तर म्हणाले, "नाही जी मॅडम, काईच नाही. बिडी तेवढी पेतो."

आमच्याकडे बिडीला व्यसनात मोजतच नाहीत. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे व्यसन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त दारू येते, आणि दारू न पिणारा माणूस म्हणजे निर्व्यसनी माणूस. काकाजी तर प्रार्थनेला बसणारे, माळकऱ्यासारखे. पण रोजचा एक कट्टा, म्हणजे २५ बिड्या.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ही केस लिहून काढतेय कारण मला स्वतःला यातून बरंच शिकायला मिळालं, आणि माझी एक चूकही झाली ती पुढे येईल. काकाजींना विचारूनच लिहितेय. नाव लिहिणार नाही म्हटलं तरी त्यांची एक अट होती की संडासाचं लिहू नका. मी म्हटलं काकाजी मेन गोष्ट तर तीच आहे. मग हसले, म्हणाले लिहा मग, पण काकूले वाचून नका दाखवू.

तर वय ६१. चार एकर वावर, कापूस-तूर-सोयाबीन, हिवाळ्यात विहिरीच्या भरवशावर दीड एकर चना. बीपी त्या दिवशी १५०/९६. सकाळचा खोकला "कायचा तं आठवत नाही" इतका जुना. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला असला की बेडका तपासावाच लागतो, टीबी निघाला नाही. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे आणि तपासणी झाली, डॉक्टरांनी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा कायमचा आजार) सांगितलं आणि तोंडाने औषध ओढायचा पंप दिला. पंप घ्यायला काकाजी तयार नव्हते, पंप म्हणजे शेवटचा इलाज असं त्यांना वाटायचं, त्यापेक्षा बिडी सोडून पाहतो म्हणाले. म्हणजे सोडायची तयारी झाली ती पंपाच्या भीतीनं. कशानं का होईना. (पंप नंतर घेतलाच, दोन्ही लागतं हे समजवायला वेगळा महिना गेला.)

सुरुवात कशी झाली विचारलं तर सांगितलं, आठ-नऊ वर्षांचा होतो, बाप बाजीवर बसून म्हणे, पोट्ट्या, चुलीवरून बिडी पेटवून आण. आता बिडी नुसती चुलीत धरली तर ती जळते, पेटत नाही, तोंडात धरून एक झुरका ओढावाच लागतो. तो रोजचा एक झुरका. सोळाव्या वर्षी स्वतःचा कट्टा घेतला. मी हे ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ४५ वर्षं जे आपण लिहितो ते खरं म्हणजे त्रेपन्न आहे.

बिडीबद्दल एक समज इथे फार पक्का आहे, बिडी पानाची, सिगारेट कागदाची, म्हणून बिडी हलकी. तंबाखू बिडीत कमी असतो हे खरंच आहे, पाव ग्रॅमच्या आसपास. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा जाऊ देत नाही, बिडी लवकर विझते, म्हणून माणूस ती सारखी आणि जोरात ओढत राहतो, आणि शेवटी निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटएवढंच किंवा जास्तच आत जातं. हे मी काकाजींना शिकवायला गेले तर त्यांनीच मला दाखवलं, रिकाम्या हाताने ओढून, की पाहा बिडीले गाल आत जाते, सिगारेटले जात नाही.

मग प्रश्नावली घेतली, फॅगरस्ट्रॉमची, निकोटीनची सवय किती पक्की ते मोजणारी, दहापैकी मार्क. उठल्यावर पाच मिनिटांत पहिली बिडी, तीन मार्क. दिवसाला २५, दोन मार्क. पहिलीच सोडायला सगळ्यात कठीण, सकाळी जास्त, तापात पडून असतानाही ओढतात, एकेक. झाले आठ. म्हणजे पक्की गाठ. फक्त एका प्रश्नाला शून्य आलं, मनाई असलेल्या जागी थांबणं कठीण जातं का? म्हणाले नाही, सामुदायिक प्रार्थनेत, कीर्तनात दोन-दोन तास बसतो, आठवण पण येत नाही.

मला तिथेच खटकलं. ज्या माणसाला उठल्यावर पाच मिनिटं दम निघत नाही त्याला दोन तास आठवण येत नाही? निकोटीन तर शरीरातून साधारण दोन तासांत अर्धं उतरतं, तलफ तेव्हा यायलाच पाहिजे. मग सगळ्या २५ बिड्या सारख्या नसणार.

त्यांची नात सहावीत आहे. तिला वहीत लिहायला लावलं, चार दिवस, आजोबांनी बिडी पेटवली की वेळ आणि काय करत होते ते. पोरीने इतकं मनापासून लिहिलं की काय सांगू. "१०.४० आबाजी बसून होते. १०.५५ शेजारचे आजोबा आले त्यांनी पेटवली मग आबाजींनी पेटवली. ११.२० चहा. ११.२५ बिडी." एका जागी तर लिहिलंय, "आबाजींनी बिडी पेटवली पण प्यायली नाही, विझली." वही घेऊन मी आणि काकाजी बसलो आणि मी एकच विचारलं, यातली कोणती बिडी मी हिसकली तर तुम्ही माझ्याशी भांडाल? बराच वेळ गप्प. मग तीन सांगितल्या. पहाटेची, वावरात कामाच्या मधली, आणि रातच्या जागलीची, म्हणजे वावर राखतानाची. बाकीच्यांना म्हणाले, त्या अशाच येते, माणसाच्या मागं कुत्रं आल्यासारख्या.

ही केस मी त्या तिघींभोवतीच केली. बावीस बिड्यांशी मी भांडलेच नाही, चहा आणि शेजारी बदलल्यावर त्या बऱ्याचशा आपोआप गळल्या.

तारीख त्यांनीच काढली. २०२४ ला पोळा २ सप्टेंबरला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पोट्टे ओरडत निघतात, ईडा-पिडा, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत (मारबत म्हणजे गावाची पीडा बाहेर नेणारी). काकाजी म्हणाले त्याच दिवशी बिडी देतो तिच्यासंगं. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, बीपी असल्यामुळे मला स्वतःच्या मनाने निकोटीनची गम (तलफ कमी करायला चावायची गोळी) द्यायची नव्हती. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला ४ एमजीची गम, हा साधा नियम आहे, तीच चिठ्ठी मिळाली, पोराने हिंगणघाटहून आणली. कट्ट्यावरच छापलेला असतो तो क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणारा) नंबर, १८००-११-२३५६, तो नातीने कागदावरून वाचून लावून दिला. त्यांना मजा वाटली की ज्या कट्ट्यातून बिडी काढतो त्याच्यावरच सोडायचा फोन लिहिला आहे आणि आपण इतके दिवस तो फाडून फेकत होतो.

पहिले तीन दिवस बेकार गेले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो हे सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले, नाहीतर गेलं होतं सगळं. चिडचिड इतकी की बैलावर ओरडले, आणि पोळ्याच्या आठवड्यात बैलावर ओरडणं म्हणजे काकूंच्या मते पापच. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, गम काहीच काम करत नाही, उलट उचक्या लागतात आणि पोटात आग होते. मी म्हटलं खाऊन दाखवा. त्यांनी तोंडात टाकली आणि लहान पोरं चघळतात तशी चावत सुटले, सगळं निकोटीन थुंकीबरोबर पोटात. तशी नाही, दहा-पंधरा वेळा हळू चावायची, जीभ चुरचुरली की गालाशी दाबून ठेवायची, चुरचुर गेली की परत चावायची, अर्धा तास पुरवायची. त्यात एका बाजूच्या दाढा नाहीत, गम हिरडीला चिकटे. मग चावायचं उजवीकडे आणि ठेवायची डावीकडे असं ठरलं.

आणि चहा. गम तोंडात आणि वरून चहा, हे चालू होतं. चहाने तोंडात आंबटपणा येतो, निकोटीन गालातून शोषलंच जात नाही, आधी पंधरा मिनिटं काही प्यायचं नाही. दुसरं म्हणजे, हे मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटतं, बिडीच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन लवकर मोडून काढते, धूर बंद झाला की तेवढाच चहा जास्त चढतो. काकाजींचे दिवसाला सात कप. रात्री डोळा लागत नव्हता, छाती धडधडे, ते सगळं बिडी सोडल्याचं समजत होते आणि त्यातलं बरंचसं चहाचं निघालं. चार कपांवर आणलं, तेही सहानंतर नाही. झोप लागली. खोकला मात्र पहिल्या पंधरा दिवसांत वाढला, "बिडी सोडली तं खोकला वाढला, हे कोणतं औषध", फुफ्फुसातले बारीक केस परत हलायला लागतात, साचलेलं वर ढकलतात, म्हणून होतं तसं, काही आठवडे.

आता पहाटेची बिडी. चौथ्या दिवशी काकूंनी आशाताईकडे निरोप पाठवला की तीन दिवस झाले यांचं पोट साफ नाही आणि हे चुलीजवळ थुटकं शोधून राहिले. माझ्याशी हे बोलायला काकाजी लाजत होते, बाईमाणसाजवळ कसं बोलावं, म्हणून सगळी बोलणी काकूंमार्फत, काकाजी ओसरीत तोंड फिरवून बसलेले आणि सगळं ऐकत. बिडी ओढल्याशिवाय मोकळं होत नाही ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात पण ती खोटी नाही, निकोटीनने आतडं हलतं, आणि ते बंद केलं की बद्धकोष्ठ होतं हे सोडल्यानंतरच्या त्रासांच्या यादीतच आहे. त्यात चाळीस वर्षांची सवय, गोदरीत (उघड्यावर) जायचे तेव्हापासूनची, वास येऊ नये म्हणून बिडी, आता घरात संडास झाला तरी हातात बिडी असल्याशिवाय बसल्यासारखं वाटत नाही. माझ्या मते गावातले निम्मे लोक इथेच परत फिरतात आणि कोणाला सांगत नाहीत, म्हणतात टेन्शन होतं म्हणून चालू केली. डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल, उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी, मग विहिरीपर्यंत चालत जाऊन यायचं, आणि येवो न येवो ठरलेल्या वेळी जाऊन बसायचं. परसात पपई होतीच. आठव्या-नवव्या दिवशी गाडी लागली रुळावर. काकूंनी मला हाताने इशारा करून सांगितलं, ओसरीतून काकाजी म्हणाले, "सांग सांग, फॉर्मात लिव म्हना."

दुसरी बिडी वावरातली. ही मला सगळ्यात आवडते कारण ही तलफ नव्हतीच. वावरात माणूस धुऱ्यावर (बांधावर) नुसता बसला तर लोक म्हणतात आळशी आहे, बिडी पेटवून बसला तर कोणी काही म्हणत नाही. बिडी म्हणजे बसायचा परवाना. काकाजी स्वतःच म्हणाले, "खाली बसलो तं कसंतरीच वाटते मॅडम, हाताले काम नाही न तोंडाले नाही." आणि हे बोलणं चालू असताना मागून काकू बोलल्या, आम्ही बाया कवापासून बिना बिडीच्या निंदून राहिलो, आमाले कोन बसू देते? शांतता झाली एकदम. खरंच, निंदणाऱ्या-वेचणाऱ्या बायांना बिडीची सुट्टी नसते, त्या सकाळपासून वाकलेल्या असतात आणि गडीमाणसं तासातासाला धुऱ्यावर. मग काकूंनीच ठरवलं, अकराला आणि तीनला सगळ्यांनी बसायचं, पाणी प्यायचं, दहा मिनिटं. काकाजींना बसायला कारण मिळालं, बिडीची गरज नाही राहिली. महिनाभराने निंदणाऱ्या बायांमधली एक गोळ्या न्यायला आली तर म्हणाली, काकाजीनं बिडी सोडली ते लय बेस झालं, आमाले बसाले भेटते.

तिसरी बिडी जागलीची आणि इथे मी चुकले.

गमचा कोर्स साधारण बारा आठवड्यांचा धरला होता, हळूहळू कमी करत नोव्हेंबरच्या शेवटी बंद. कागदावर बरोबर. पण नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे काय असतं? चना उगवलेला असतो, रानडुकरं आणि रोही (नीलगाई) येतात, लाईन रात्रीची असते, म्हणजे माणूस रात्रभर वावरात, ओलित (पाणी देणं) आणि जागल दोन्ही. मी गम बंद केली आणि त्याच आठवड्यात काकाजी मचाणावर गेले. आधी कॅलेंडर पाहायला पाहिजे होतं, त्यांचं, माझं नाही.

डिसेंबरात फॉलोअपला आले, बिडी? शून्य. मी खूश, फॉर्मवर शून्य लिहिलं, आशाताईला सांगितलं, मीटिंगमध्येही सांगितलं. जानेवारीत बीपी तपासायला शर्टाची बाही वर करताना खिशातून रुमाल काढला आणि रुमालाबरोबर खर्र्याची पन्नी खाली पडली. सुपारी, तंबाखू, चुना, घोटलेला, अर्धा खाल्लेला. दिवसाला तीन पन्न्या चालू होत्या, महिना झाला. लपवलं नव्हतं त्यांनी, मी विचारलंच नव्हतं. "तुम्ही बिडीचं म्हनलं होतं. बिडी कुठं पेतो? जागलीवर झोप येते मनून खर्रा खातो, शेजारचा देते." आणि हे मला सुचायला पाहिजे होतं, आपल्या राज्यात ओढणारे कमी आणि खाणारे जास्त, २०१६-१७ च्या सर्व्हेत ओढणारे ३.८ टक्के आणि न ओढता खाणारे २४.४ टक्के. बिडी सोडलेला माणूस खर्र्याच्या गावातच उभा असतो. गुटखा २०१२ ला बंद झाला पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो, आणि त्यात तंबाखू तर आहेच, वरून सुपारी, जी स्वतःच कॅन्सर करणारी आहे आणि तोंड उघडणं बंद करते ते वेगळं. तेव्हापासून मी कोणालाच "बिडी सोडली का" विचारत नाही, "तोंडात काय काय जाते" विचारते.

चिडले मी थोडी, खरं सांगते. पण चिडून काय, पुन्हा वही काढली. झोप येते म्हणून खर्रा, तर मग दिवसा झोपा, फुटाणे न्या, मोबाईलवर भजन लावा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले हे सगळं करून पाहिलं. मग दोन-चार मिनिटांनी, पायताण घालता घालता, "झोप नाही येत मॅडम. पलीकडच्या शिवारात वाघाचे पाय दिसले दिवाळीत. बिडी असली का उजेड राह्यते न हाताशी, कोनीतरी हाय असं वाटते." गावात हे कोणी मोठ्याने बोलत नाही, साठीच्या माणसाने मी एकटा भितो म्हणणं म्हणजे. चार महिन्यांच्या माझ्या सगळ्या प्रश्नावलीत भीतीचा प्रश्नच नव्हता.

उपाय अगदी साधा निघाला, पुतण्या आणि शेजारी धरून तिघांनी पाळी लावली, एका रात्री दोघं, एकटं कोणी नाही. मोठी बॅटरी आणली. गम परत सुरू केली, या वेळेस चना निघेपर्यंत. शेजाऱ्याला अट घातली की खर्रा खायचा तर तुझा तू खा, याला देऊ नको, ती तो बऱ्यापैकी पाळतो. फेब्रुवारीत खर्रा बंद झाला. मे महिन्यात एका लग्नात दोन बिड्या ओढल्या, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे चालू.

आता पोळ्याला वर्ष झालं. वजन चार किलो वाढलं, ते होतं. बीपी गोळीसह १३४/८४. पंप चालू आहे, चढावर दम लागतोच, सीओपीडी गेलेला नाही आणि जाणारही नाही, पण वावरापर्यंत न थांबता जातात. रोजच्या कट्ट्याचे पंचवीस रुपये नातीने डब्यात टाकायला लावले होते, गम त्यातूनच आली, उरले त्यातून बॅटरी. काडीपेटी अजून खिशात असते, सवय म्हणाले, मी काही बोलले नाही.

तोंड तपासायचं राहिलंय. खर्रा महिना-दोन महिनेच होता तरी एकदा तोंडात तीन बोटं उभी जातात का पाहायचंय, आतून पांढरं काही आहे का तेही. मंगळवारी या म्हटलं, तर म्हणाले मंगळवारी नाही जमत, बायांना वावरात बोलावलं आहे, अकराच्या सुट्टीत तुम्हीच या.